आधी विद्यार्थी होऊन आत या

प्रिय मॅडम,

निवृत्त झालात आणि थेट पुण्याला लेकाकडे निघून गेलात. हक्कच आहे तुमचा. पण तुमच्यामागे प्राध्यापकांचं प्रशिक्षण कोणी घ्यायचं, हे तरी सांगून जायचं होतं! २०२४-२५पासून आपल्याकडे नवं शैक्षणिक धोरण लागलं. श्रेयांकांची बँक आली, ‘स्वयम’वरचे ऑनलाइन अभ्यासक्रम आले. नवे रुजू झालेले प्राध्यापक मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर वर्ग कसा उघडायचा म्हणून माझ्याकडे येतात आणि मला तुमची आठवण येते.

करोनाच्या काळातलं ते पहिलं प्रशिक्षण आठवतं? बाहेरून आलेले तज्ज्ञ पडद्यावर भराभर एकेक पान दाखवत गेले. इथं क्लिक करा, तिथं अपलोड करा. मग प्रमाणपत्रं, फोटो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात आणि विचारलंत, “हे सगळं मुलांना कसं दिसतं?” त्यांना लिंक पाठवायची, झालं, असं उत्तर आलं. निबंध तपासणाऱ्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार, असं मागून कोणीतरी पुटपुटलं होतं. तुम्ही ऐकलंत ना ते? मला नेहमी वाटतं, ऐकलंत.

मूडलमध्ये भूमिका बदलून विद्यार्थी म्हणून आत जाता येतं, एवढंच मी तुम्हाला दाखवलं. पुढचं सगळं तुमचं. लॅपटॉप बंद करायला लावून तुम्ही सगळ्यांना आवारातल्या कडुनिंबाखाली नेलंत. वायफाय नाही, प्रत्येकाचा आपापला फोन, आपापला डेटा, आणि प्रत्येकानं स्वतःच्याच वर्गात विद्यार्थी होऊन शिरायचं. इतिहासाच्या सरांनी अख्खं पुस्तक स्कॅन करून टाकलं होतं, ते त्यांनाच उघडेना. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवसानंतर प्रकरणं सुटी झाली, व्हिडिओच्या जागी लहान ध्वनिफिती आल्या. अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून ठेवता येतो. नेटवर्क नसताना चाचणी सोडवून ती नंतर पाठवताही येते. फक्त शिक्षकानं चाचणी तयार करताना तशी परवानगी द्यावी लागते. त्या चौकटीत खूण करायला तुमच्यामुळे सगळे शिकले. आपल्या जिल्ह्यात ती एक खूण म्हणजे किती मुलांची परीक्षा!

आणि चाचणीच्या मुदतीवरून तुम्ही केलेलं भांडण! रविवारी रात्री बारा, असं सगळे ठोकून देत होते. मोहफुलं वेचायला पहाटे उठणारी पोर रविवारी रात्री टॉवर कुठं शोधेल, हा तुमचा प्रश्न. बाजाराच्या दिवशी मुलं मोठ्या गावात येतात, तिथं रेंज असते, म्हणून मुदत बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संपू दे, हा तुमचाच तोडगा. तेंदूपत्त्याच्या हंगामात तर तुम्ही चाचणीच ठेवू दिली नाहीत. नागपूर विद्यापीठापासून वेगळं होऊन २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना जवळ पडावं म्हणूनच ना? तरी सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या पुढेच राहिला. पारलकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथं ऑनलाइन वर्ग पोचला तर केवढं काम होईल, हे तुम्हाला आमच्यापेक्षा आधी दिसलं. आम्ही पासवर्ड वाटत बसलो होतो.

तो एटापल्लीकडचा मुलगा आठवतो का तुम्हाला? वर्गात हजेरीलाही नीट आवाज निघत नसे. चर्चामंचावर मात्र गोटुल या आदिवासी युवागृहाबद्दल पान-दोन पान लिहून गेला. तुम्ही ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलंत, शुद्धलेखनाला हात न लावता. तुम्ही, ज्या आम्हा सहकाऱ्यांच्या नोटिशीतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारायच्या!

पण राग आहे माझा एक. लिहून काही ठेवलं नाहीत. मी पुस्तिका मागितली की म्हणायच्या, “पुस्तिका कपाटात जाते, शेजारी बसावं लागतं.” खरं आहे. पण शेजारी बसणाऱ्या तुम्ही होतात! मी बटणं दाखवू शकतो. गणिताच्या जुन्या सरांचा मान न दुखावता त्यांना सहाव्यांदा तेच विचारू देणं मला अजून जमत नाही. तुमच्यासमोर ते मोकळेपणानं विचारायचे, कारण तुम्हीही त्यांच्याबरोबरच शिकत होतात. आणि आता पुन्हा तेच घाटतंय: सभागृह, पडदा, एका दिवसात सगळं, संध्याकाळी प्रमाणपत्र. मी प्राचार्यांना सांगितलं, असं नको. या वेळी प्रत्येक प्राध्यापकाशेजारी एक विद्यार्थी बसू दे, आणि फोन विद्यार्थ्याचा असू दे. ते तयार आहेत. फक्त विचारतात, घेणार कोण?

मी तुमचं नाव सांगून टाकलंय, तुम्हाला न विचारता. रागवा, पण या. दोन दिवस पुरतील. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वेनं या, पुढे मी घ्यायला येतो. पूर यायच्या आतली तारीख कळवा, म्हणजे भामरागडची मुलंही बोलावता येतील.

तुमचा,
कॉम्प्युटर लॅबवाला