बिनपगारी सुट्टी

गेल्या नोव्हेंबरात माझी नोकरी गेली. बावीस वर्षं एकाच छापखान्यात हिशेबाचं काम केलं. मालकांच्या मुलांनी धंदा आवरता घेतला आणि आम्हा नऊ जणांना देणं चुकतं करून निरोप दिला. भांडण नाही, तंटा नाही. पण घरी बसल्यावर पहिल्यांदा कळलं, "सध्या कुठे असता?" हा प्रश्न माणसं किती वेळा विचारतात. मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या दस्तरखानावर, रिक्षाच्या रांगेत. मी सगळ्यांना सांगायचो, "सुट्टीवर आहे. खूप रजा साठली होती."

एके दिवशी बायको म्हणाली, "जगाला सुट्टीवर आहे म्हणून सांगताय ना? मग एकदा खरंच सुट्टीवर जाऊन येऊ. तेवढं तरी खोटं कमी होईल."

मुलाने लगेच मोबाईल पुढे केला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा नुकती संपली होती. पडद्यावर आल्प्समधलं एक छोटं गाव होतं. लाकडी घरं, शांत रस्ता, पायाला पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारी दोन-चार माणसं. "अब्बा, तिथे नाही जमणार, पण गुलमर्गला जाऊ. तिथेही स्कीइंग शिकवतात." मी हिशेबनीस माणूस. विमान, हॉटेल, भाड्याचे बूट, भाड्याचे कोट, असे आकडे कागदावर मांडले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. तो समजला. काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

मग मला किहीम आठवलं. आठवलं ते डॉ. सालिम अलींमुळे.

त्यांचं आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', मी तरुणपणी वाचलं होतं. १९८५ साली आलेलं पुस्तक. त्यातलं बरंचसं विसरलो, पण एक गोष्ट राहिली होती. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाईड-लेक्चरर म्हणून नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला शिकायला गेले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत आले तर नोकरीच नव्हती. पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झाली होती. वय तेहेतीस, हातात विद्यापीठाची पदवी नाही. तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना बेगम मुंबई सोडून किहीमला येऊन राहिले.

मला हे सगळं नोकरी जाईपर्यंत एक मजेदार किस्सा वाटायचं.

एकतीस डिसेंबरची गर्दी ओसरू दिली आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी निघालो. सोमवार ते शुक्रवार खोल्या स्वस्त असतात आणि गाव गावासारखं असतं. गेटवेहून मांडव्याची लाँच घेतली. तिच्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस असते. लाँच सुटली तसे पांढरे कुरव मागे लागले. लोक कुरकुरे उडवत होते, पक्षी हवेतल्या हवेत झेलत होते. मुलाने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, "अब्बा, यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या सरोवरांकडून येतात. तिकडे सगळं गोठलं की कोकणात."

"म्हणजे बर्फात राहणारे हिवाळा काढायला इथे येतात," बायको म्हणाली, "आणि तू उलटा तिकडे निघालास."

तो हसला. दोन महिन्यांत घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

चोंढीला उतरून रिक्षाने किहीम गाठलं. नारळी-पोफळीच्या वाडीत तीन खोल्या. मालकीणबाई साठीच्या, सगळे त्यांना काकी म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. वाडीच्या मागे सुरूचं बन आणि पुढे समुद्र. समुद्रात थळच्या बाजूला खांदेरी आणि उंदेरी हे दोन किल्ले दिसतात. जून २०२० च्या निसर्ग वादळाने काकींची बरीच झाडं पाडली. नवी माडं अजून माणसाच्या उंचीचीच आहेत. बाकी गावात आता दगडी कुंपणं आणि बंद फाटकांचे बंगले वाढलेत. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट गाड्या घेऊन येते, त्यामुळे शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग असते, असं काकी सांगत होत्या. पण मंगळवारी सकाळी फजरची नमाज पढून मी किनाऱ्यावर गेलो, तर अख्ख्या वाळूवर मी, एक जाळं दुरुस्त करणारा कोळी आणि शेपटी हलवत पळणारा एक धोबी पक्षी, एवढेच होतो. हा धोबीही हिमालयाच्या बाजूचाच पाहुणा.

पहिल्या संध्याकाळी चहा देताना काकींनी सहज विचारलं, "काय करता आपण मुंबईत?"

तोंडात उत्तर तयार होतं. पण सुट्टीवर असलेल्या माणसाने "सुट्टीवर आहे" असं सांगणं म्हणजे प्रश्नाला उत्तरच नाही. मी म्हटलं, "सध्या काही नाही. नोकरी गेली."

काकी म्हणाल्या, "बरं." आणि साखर हवी का विचारलं. बस, एवढंच. ज्या वाक्याला मी सहा आठवडे घाबरत होतो, ते बोलून झालं आणि काहीच घडलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कपात बघू लागली.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या शिंदीच्या झाडावर मुलाला घरटी दिसली. सुगरणीची. पावसाळ्यात बांधलेली, आता रिकामी, वाऱ्यावर हलणारी. काही पूर्ण होती, खाली लांब नळी असलेली. काही मात्र अर्धवट, उलट्या टोपीसारखी. "ही तुटलीत का?" त्याने विचारलं.

तुटली नव्हती, ती तशीच सोडलेली होती. आणि ती तशी का सोडतात हे नीट कळलं ते याच गावात, नोकरी गेलेल्या एका माणसाला.

सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात किहीमच्या सुगरणींवर नजर ठेवली. रोज, तासन्‌तास. तोवर समज असा होता की एक नर, एक मादी, एक घरटं. त्यांना दिसलं ते वेगळंच. मराठीत आपण तिला 'सुगरण' म्हणतो, बहिणाबाईंनीही कवितेत घरटं विणण्याचं श्रेय तिलाच दिलं, पण विणणारा असतो नर. तो घरटं अर्ध्यापर्यंत आणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथे राहते आणि नर उरलेलं काम, ती नळीसुद्धा, पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा जवळच दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. कुणालाच पसंत न पडलेलं घरटं अर्धवटच लोंबत राहतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली हा लेख छापून आला आणि पक्षी अभ्यासकांत त्यांचं नाव झालं.

मी हे मुलाला सांगत होतो. बायको मागून म्हणाली, "म्हणजे ही सगळी नापास झालेली घरटी."

"हो."

"आणि तो नर काय करतो?"

"पुढचं बांधायला घेतो."

ती काही म्हणाली नाही, मीही नाही. मुलगा घरटी मोजत होता. एकोणीस भरली, त्यातली सात अर्धवट. संध्याकाळी एका जुन्या घरट्यात मुनियाची जोडी झोपायला शिरताना दिसली. मग रोज संध्याकाळी आमचं ठरलेलं काम झालं, विहिरीजवळ बसायचं आणि मुनिया परत येताना बघायचं. मोबाईल खोलीत राहायचा. तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि ते नव्हतं हेच बरं होतं.

बुधवारी काकींच्या मुलाने पोपटी लावायचं ठरवलं. थंडीत या भागात गेलात आणि पोपटी खाल्ली नाही तर जाणं फुकट. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. तेल नाही, पाणी नाही. काकी दुपारीच येऊन म्हणाल्या, "कोंबडी तुम्हीच आणा. तुमचं हलालचं असतं ना? आम्हाला काही फरक पडत नाही, तुम्हाला पडतो." मी आणि मुलगा अलिबागला जाऊन घेऊन आलो.

शेकोटीशी बसल्यावर मी त्यांना रानचिमणीची गोष्ट सांगितली. सालिम अली लहानपणी पोरके झाले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. मामाने दिलेल्या एअरगनने पोरगा चिमण्या मारायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणं मुसलमानाला चालेल की नाही, अशी शंका आली म्हणून तो ती घेऊन मामाकडे गेला. मामालाही कळेना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चिमणी ओळखली आणि मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तिथून सगळं सुरू झालं. खाऊ की नको, हा आपल्या घरोघरचा प्रश्न. पण त्याचं उत्तर शोधायला मामाने पोराला घराबाहेर पाठवलं, दडपून गप्प बसवलं नाही.

काकींचा मुलगा म्हणाला, "मग ती चिमणी खाल्ली का?" ते मला सांगता आलं नाही. सगळे हसले आणि शेंगा सोलू लागले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सालिम अलींची बेकारी आणि माझी बेकारी एक नाही. तय्यबजी हे मुंबईतलं शिकलेलं, नाव असलेलं खानदान. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या कुटुंबाची किहीमला घरं होती. नोकरी गेल्यावर समुद्राकाठी जाऊन राहता येणं हीसुद्धा एक ऐपत आहे. माझ्यामागे कुर्ल्याची एक खोली-स्वयंपाकघर आणि मुलाच्या फीचा पुढचा हप्ता आहे. पाच दिवसांची खोली हीच आमची चैन. शिवाय नोकरी गेलेला प्रत्येक माणूस नाव काढतो असंही नाही. तसं सांगणारी पुस्तकं मला आवडत नाहीत.

मी त्यांच्याकडून घेतली ती गोष्ट लहान आहे. नोकरी नाही म्हणून त्या माणसाने दिवस रिकामा मानला नाही. समोर एक झाड होतं, त्यावर पक्षी होते, तो बघत बसला. आणि तेहमिना बेगमनी त्याला "हे काय करत बसलात" असं म्हटलं नसावं. पुढे हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी निघाली. सालिम अलींनी मोबदला न घेता काम केलं, फक्त खर्च घेतला. तेव्हाही त्या रानावनात बरोबर होत्या. १९३९ साली त्या गेल्या. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आलं, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

पाखरं सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून बयानात ऐकतो. मी नेहमी त्यातलं भरलेलं पोटच ऐकलं होतं. अल्लाह देतो, एवढंच. विहिरीजवळ बसून रोज संध्याकाळी पाखरं परतताना बघितल्यावर लक्षात आलं की त्याआधी 'निघतात' असाही शब्द आहे. मी सहा आठवडे अर्ज पाठवत होतो, पण निघालो नव्हतो. कारण निघायचं तर आधी सांगावं लागतं की आपण घरी आहोत.

शुक्रवारी अलिबागला जुम्याची नमाज पढून आम्ही परतीची बस धरली. निघताना काकींनी वालाच्या शेंगांची पिशवी दिली आणि "पावसाळ्यात या, घरटी बांधताना बघायला" असं मुलाला सांगितलं.

पुढच्या जुम्याला आमच्या मशिदीच्या पायऱ्यांवर एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "रजा संपली का?" मी म्हटलं, "रजा नव्हती भाई. नोव्हेंबरात नोकरी गेली." ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "आधी सांगायचं ना. माझ्या मेहुण्याला दुकानाचे हिशेब बघायला माणूस हवाय, आठवड्यातून दोन दिवस." सध्या ते करतो. पैसे पूर्वीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नाहीत. बाकीचे दिवस अजून शोधतोय.

गुलमर्गच्या हिशेबाचा कागद मी फेकलेला नाही. मुलाला दाखवलाही. त्याने तो घडी करून ठेवला आणि विचारलं, सुगरण नक्की कुठल्या महिन्यात बांधायला लागते.