खापरांवरची नावं

अथेन्सला आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी ॲक्रोपोलिस चढतो. चढायलाच हवा. पार्थेनॉनसमोर उभं राहिलं की पेरिक्लीसच्या काळात या शहराच्या अंगात केवढी रग होती ते समजतं. पण हे मंदिर उभारायचा ठराव ज्यांनी केला, त्याच्या खर्चावरून जे कडाकडा भांडले, इ.स.पू. ४३० मध्ये ज्यांनी पेरिक्लीसलाच पदावरून काढून दंड ठोठावला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा निवडूनही दिलं, ती माणसं वर भेटत नाहीत. त्यांच्यासाठी खाली उतरावं लागतं. मी थिसिओ स्टेशनवरून निघाले आणि ॲक्रोपोलिसकडे पाठ न फिरवता समोरची बुटकी टेकडी धरली.

या टेकडीचं नाव प्निक्स. वाट पाइन आणि ऑलिव्हच्या झाडांमधून जाते. वर पोहोचल्यावर एक मोठं उघडं पटांगण लागतं आणि त्याच्या कडेला खडकातच कोरलेला चौथरा, दोन्ही अंगांना पायऱ्या. अथेन्सच्या नागरिकांची सभा इथे भरायची. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला चाळीस बैठका होत आणि काही निर्णयांना किमान ६००० माणसं हजर असावी लागत. सभेची वेळ झाली तरी लोक खालच्या बाजारात गप्पा मारत रेंगाळत. मग शिपाई ओल्या लाल रंगाचा दोर ताणून त्यांना टेकडीकडे हाकत आणत. ॲरिस्टोफेनिसने आपल्या नाटकात या दोराची चांगलीच थट्टा केली आहे. कपड्याला रंग लागला की माणूस उशिरा आला हे सगळ्यांना दिसे.

आज दिसतो तो चौथरा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘इथेच पेरिक्लीस उभा राहिला’ असं सांगणारे वाटाडे भेटतात, पण त्याच्या काळी सभेची रचना नेमकी उलटी होती. लोक उताराच्या वरच्या अंगाला शहराकडे तोंड करून बसत आणि वक्ता खाली उभा राहून वर बघत बोले. मला ही जुनी मांडणी जास्त आवडते. हजारो माणसं वर आणि त्यांचा पुढारी खाली.

टेकडी उतरून आगोरात आले. हा अथेन्सचा बाजार, हीच कचेरी आणि हेच न्यायालय. एकोणिसाव्या शतकात टाकलेली रेल्वेलाइन त्याच्या उत्तर भागाला चिरून जाते. दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते आणि तिच्या आवाजात समोरच्याचं बोलणं बुडतं. अमेरिकन संशोधकांनी १९३१ मध्ये इथे उत्खनन सुरू केलं आणि १९५० च्या दशकात अट्टालोसचा लांबलचक स्टोआ, म्हणजे खांबांची पडवी, जुन्या पायावर पुन्हा बांधून काढला. संग्रहालय त्यातच आहे. सगळं अथेन्स बघायला वेळ नसेल तर फक्त हे बघावं, इतकं मी ठामपणे सांगेन.

इथल्या एका कपाटात फुटक्या मडक्यांची खापरं मांडली आहेत. त्यांच्यावर टोकदार वस्तूने ओरखडून नावं लिहिलेली आहेत. मी उभी असताना शाळकरी मुलांचा एक घोळका आला. त्यातल्या एका मुलीने काचेला नाक लावून अक्षर-अक्षर जुळवत वाचलं: थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. अडीच हजार वर्षांपूर्वीचं अक्षर, आणि आजचं पोर ते वाचू शकतं. काही खापरांवर ओळ खाली घसरत गेली आहे, काहींवर अक्षरं दाटीवाटीने कशीबशी बसवली आहेत.

वर्षातून एकदा सभेला विचारलं जाई की यंदा कुणाला हद्दपार करायचं का. होकार आला तर ठरलेल्या दिवशी प्रत्येक जण एका खापरावर एक नाव लिहून आगोरात आणून टाकी. एकूण खापरं ६००० भरली तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. आरोप नाही, खटला नाही, जमीनजुमल्याला हात नाही. एखादा माणूस फार मोठा होतोय असं वाटणं एवढंच पुरे.

थेमिस्टोक्लीसचंच बघा. लॉरियनच्या खाणीत चांदीची नवी शीर लागली तेव्हा ती चांदी लोकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून लढाऊ गलबतं बांधा, असं त्याने सभेच्या गळी उतरवलं. त्याच गलबतांनी इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार मोडलं. पुढच्या दहाएक वर्षांत लोकांनी त्याला घालवून दिलं, आणि ज्या इराणी सम्राटाशी त्याने झुंज घेतली त्याच्याच वारसाच्या पदरी तो मॅग्नेशियाचा कारभारी म्हणून मेला. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाची १९० खापरं एकगठ्ठा सापडली. हस्ताक्षरं तपासली तेव्हा ती सगळी मिळून फक्त चौदा जणांनी लिहिल्याचं निघालं. कुणीतरी आधीच बसून नावं लिहून ठेवली होती, मतदानाच्या दिवशी लोकांच्या हातात द्यायला. हे वाचल्यावर मी त्या कपाटासमोर बराच वेळ थांबले. लोकशाही आणि तिच्यातली लबाडी एकाच मातीची असल्याचा इतका सरळ पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शेजारीच चिरांच्या ओळी पाडलेला एक संगमरवरी दगड आहे. प्रत्येक नागरिकाची नावाची पट्टी एकेका चिरेत खोचायची आणि दगडाच्या कडेच्या नळीत काळे-पांढरे गोळे सोडायचे. पांढरा गोळा आला की ती अख्खी ओळ त्या दिवसाची न्यायाधीश, काळा आला की घरी. न्यायालयातला पाणघड्याळाचा घडाही इथेच आहे. बुडाशी भोक असलेला तो घडा रिकामा व्हायला सहा मिनिटं लागत, आणि बोलणाऱ्याला वेळ मोजून मिळे तो या पाण्यावर.

बाहेर उन्हात गोल पायाचे अवशेष आहेत. हा थोलोस. पाचशे जणांच्या मंडळापैकी पन्नास जण वर्षाचा दहावा भाग इथे कारभार बघत आणि त्यांतले एकतृतीयांश रात्रंदिवस मुक्कामाला असत. निवड चिठ्ठ्या टाकून होई. इ.स.पू. ४०६ मध्ये अशीच चिठ्ठी सॉक्रेटिसच्या नावाची निघाली.

त्या वर्षी आर्गिनुसे बेटांजवळ अथेन्सने मोठी समुद्रलढाई जिंकली. पण वादळ उठलं आणि बुडत्या गलबतांवरच्या माणसांना वाचवता आलं नाही. शोक करता करता शहर पेटलं. परत आलेल्या सहा सेनापतींवर एकत्र, एकाच मतदानात, मृत्युदंडाचा ठराव आला. प्रत्येकाचा न्याय वेगळा व्हावा असा कायदा असताना हे चाललं होतं. अध्यक्षपदाच्या जागी बसलेल्या पन्नास जणांपैकी काहींनी आधी विरोध केला, पण लोकांनी दमदाटी करताच ते बधले. सॉक्रेटिस तेवढा हलला नाही. कायद्याबाहेरचा ठराव मी मताला टाकणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्यावाचून मतदान झालं आणि सहाही सेनापतींना मारलं.

त्या सहांत पेरिक्लीस नावाचा एक तरुण होता. थोरल्या पेरिक्लीसचा आणि अस्पासियाचा मुलगा. आईवडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, हा कायदा इ.स.पू. ४५१ मध्ये बापानेच करवून घेतला होता आणि अस्पासिया होती मिलेटसची. पुढे साथीत बापाचे दोन्ही औरस मुलगे गेले, तेव्हा खचलेल्या म्हाताऱ्याकडे बघून लोकांनी या मुलाला अपवाद म्हणून नागरिकत्व दिलं. सेनापती होण्याचा हक्क त्याला त्या मायेतून मिळाला, आणि मरणही त्याच लोकांच्या हातून. काही दिवसांनी अथेन्सला पश्चात्ताप झाला, ज्यांनी चिथावलं त्यांच्यावर खटले भरायचं ठरलं. थोलोसच्या त्या गोल पायाजवळ मला ॲक्रोपोलिसवरच्या कुठल्याही खांबापेक्षा जास्त भरून आलं.

सात वर्षांनी सॉक्रेटिसवरचा खटला. आरोप जिथे दाखल झाला तो स्टोआ रेल्वेलाइनच्या पलीकडे, १९७० मध्ये सापडला. प्लेटोच्या सांगण्यानुसार आणखी तीस मतं फिरली असती तर तो सुटला असता. आगोराच्या नैर्ऋत्येला ओळीने लहान खोल्यांचे पाये आहेत, तिथे औषधाच्या तेरा बुटक्या बाटल्या आणि सॉक्रेटिसची लहानशी मूर्ती मिळाली. त्याला ठेवलं तो तुरुंग हाच असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांना सॉक्रेटिस पहिल्यांदा भेटला तो मकरंद साठेंच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये, डॉ. श्रीराम लागूंच्या रूपाने. त्या पायांकडे बघताना माझ्या कानात लागूंचाच आवाज होता.

इथे उभं राहून झुंडीला शिव्या घालणं सोपं आहे. प्लेटोने जन्मभर तेच केलं, आणि गुरूला असं गमावलेल्या माणसाला तो हक्क होताच. मला मात्र मिटिलिनी आठवते. इ.स.पू. ४२७ मध्ये बंड केलेल्या त्या शहरातल्या सगळ्या पुरुषांना मारायचा हुकूम सभेने दिला, गलबत रवानाही झालं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी पुन्हा सभा भरवून आपला निर्णय थोडक्या मतांनी फिरवला आणि मागून दुसरं गलबत धाडलं. वल्हेकरी वल्हवता वल्हवताच जेवले आणि ऐनवेळी पोहोचले. आदल्या दिवसाच्या क्रौर्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी उघडपणे माघार घेणारा एकटा सत्ताधीश मला तरी इतिहासात सहज सापडत नाही. अर्थात या ‘लोकां’मध्ये बायका नव्हत्या, गुलाम नव्हते आणि परगावाहून येऊन राहिलेलेही नव्हते. लॉरियनची चांदी खणली ती गुलामांनी.

संध्याकाळी मेट्रोने एव्हांगेलिस्मोसला गेले. जवळच रिगिलिस रस्त्यावर १९९६ मध्ये एका संग्रहालयासाठी पाया खणताना व्यायामशाळेच्या भिंती लागल्या. ॲरिस्टॉटलची लायसियम ती हीच. बघायला फार काही नाही, गुडघाभर उंचीचे दगड आणि मधली मोकळी जागा. पण अथेन्सचा कारभार कसा चाले हे इतक्या तपशिलात आपल्याला कळलं ते याच शाळेत लिहिल्या गेलेल्या ग्रंथामुळे. तो शतकानुशतकं हरवलेला होता. मग इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर सापडला, पुढच्या बाजूला शेताचे जमाखर्च आणि पाठीमागे हा मजकूर, आणि १८९१ मध्ये छापून आला. नावांच्या पट्ट्या, चिरा, काळे-पांढरे गोळे, सगळं त्यात क्रमवार दिलं आहे. संग्रहालयातला तो दगड नेमका कशासाठी होता, हे १९३० च्या दशकात स्टर्लिंग डाउ या संशोधकाने ओळखलं ते याच वर्णनाच्या आधारे. ॲरिस्टॉटल स्वतः उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्याने अथेन्समध्ये काढली, पण परका म्हणून. त्या दगडाच्या एकाही चिरेत स्वतःच्या नावाची पट्टी खोचायचा अधिकार त्याला कधीच नव्हता.