माजूर म्हणजे कोण?

उर्दूच्या तासाला 'माजूर' हा शब्द आला की मी मुलांना त्याचं मूळ सांगते. उज्र म्हणजे अडचण, सबब. ज्याची सबब मान्य झाली तो माजूर. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढा, ही सवलत त्याचीच. शब्द किती माणुसकीचा आहे बघा! पण मोहल्ल्यात त्याचा अर्थ घसरत घसरत 'खैरातीचा हकदार' एवढाच उरलाय. रमजानमध्ये आठवण होते, ईदनंतर विसरतो.

अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी मदिनेत अजान देत, पैगंबर (स.) बाहेर गेले की काही वेळा शहराची जबाबदारीही त्यांच्याकडे असे. हे आपण बयानात ऐकतो. आपल्याच महाराष्ट्रातलं, आपल्याच काळातलं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, सगळ्यांच्या नसीमादीदी.

ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पॅराप्लेजिया म्हणजे फक्त चालता न येणं नव्हे. लघवी-शौचावरचा ताबा जातो. संवेदना नसल्यानं एकाच जागी बसून कातडी सडली तरी कळत नाही. मरावंसं वाटण्याचे ते दिवस. मग बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीवरच, पण आयुष्य रुबाबात जगणारे. अशा मुलीला धीर द्यायला दोन पायांवर उभ्या माणसापेक्षा तेच जास्त उपयोगी पडले असणार.

दीदींनी सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरी केली आणि 1984 साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. अपंगांच्या हक्कांचा आपला पहिला मोठा कायदा आला 1995 मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. संस्थेनं काय केलं? 'घरौंदा' वसतिगृह, 'समर्थ' शाळा, कॅलिपर आणि चाकाच्या खुर्च्या बनवणारी कार्यशाळा, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा 'स्वप्ननगरी' प्रकल्प. यात ताटात काही टाकणं कुठेच नाही. राहायची, शिकायची, कमवायची सोय आहे. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे, जरूर वाचा.

त्यांचं कौतुक करताना लोक 'अपंग असूनही' म्हणतात. मला ते 'असूनही' खटकतं. खुर्ची दारातून आत जाते की नाही, संडासात वळते की नाही, हे प्रश्न ज्याला रोज पडतात त्यालाच आधी सुचतात. दीदींच्या कामाला त्यांच्या अपंगत्वाचा अडथळा होता हे खरं, पण त्या कामाचं ज्ञानही तिथूनच आलं.

हे सगळं आता लिहायचं कारण आमच्या जुन्या नाशकातली एक मुलगी. आठवीत जायची, कुबड्यांवर चालते, आता खुर्ची लागेल असं डॉक्टर म्हणालेत. उर्दू वाचन माशाअल्लाह इतकं साफ की बाकीची मुलं गप्प होऊन ऐकतात. तिची अम्मी म्हणाली, "टीचर, क्लास में तो बैठ जाएगी, लेकिन बाथरूम का क्या?" चढउताराच्या या गल्ल्यांत घराघराला ओटा, शाळेलाही ओटा. कायद्यानं (2016 चा नवा) तिला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. पण तो हक्क आमच्या तीन पायऱ्यांखालीच थांबतो.

शाळेच्या बैठकीत एका सद्गृहस्थांनी तिच्या घरी दरमहा रेशन द्यायची तयारी दाखवली. नियत चांगली होती, अल्लाह कबूल करो. मी म्हटलं, तेवढ्या पैशांचं सिमेंट द्या. थोडी शांतता पसरली.

खुर्चीच्या उताराचा हिशेब साधा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमचा ओटा दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा उतार. अंगणात सरळ चौदाच फूट मिळतात. मध्ये सपाट जागा सोडून वळण दिलं तर बसेल, असं गवंडी म्हणतो. संडासाचं दार मात्र पाडूनच रुंद करावं लागेल. शाळा 15 जूनच्या सुमारास उघडते आणि पावसाआधी काम व्हायला हवं.