कोकणचा रस्ता आणि गाडीचे दिवे

मुंब्रा-कौसा, कुर्ला, मीरा रोड, डोंगरी. कोकणी मुसलमानांची घरे जिथे जिथे आहेत, तिथून ईदच्या आठवड्यात एकाच रस्त्यावर गर्दी होते. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघायचे आणि पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण करत आपापल्या गावाला पोहोचायचे. जुनी माणसे अजून त्याला सतरा नंबरचा हायवे म्हणतात, कागदावर तो आता ६६ नंबरचा आहे. या रस्त्याच्या खड्ड्यांवर, रखडलेल्या पुलांवर आणि डायव्हर्शनवर भरपूर लिहून झाले आहे. आम्हांला या वेळी लिहायचे आहे ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिव्यांविषयी. हा रस्ता रात्री सुरक्षित राहतो की नाही, हे खड्ड्यांइतकेच या दिव्यांवरही अवलंबून आहे, आणि खड्डे आपल्या हातात नसले तरी दिवे आहेत.

जूनचा मध्य होता, बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. आम्ही घरचे सात जण असरची नमाज पढून निघालो. मुक्काम चिपळूणला, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी. गाडी सुरू होताच फुफींनी सफरची दुआ पढली, मुलांनी आमीन म्हटले. पेण मागे पडेपर्यंत उजेड होता. वडखळच्या पुढे पावसाची सर आली आणि नागोठण्याच्या आसपास एका मशिदीत मगरीब पढून बाहेर पडलो, तो अंधार झालेला. इथून पुढे खरा प्रवास सुरू होतो.

मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून एक खेळ काढला. समोरून येणाऱ्या आणि पुढे चाललेल्या गाड्यांचे दिवे पाहायचे, आणि ज्यात काही बिघाड दिसेल ती गाडी मोजायची. कोलाडपर्यंत मुले हसत होती. एका डोळ्याच्या गाड्या भरपूर निघाल्या. दुरून मोटारसायकल वाटावी आणि जवळ आल्यावर टेम्पो निघावा, असे तीन वेळा झाले. एका जीपचा ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणत होता. एका मोठ्या गाडीचे पांढरेशुभ्र दिवे इतके अंगावर आले की आमच्या गाडीला बाजूला दबून थांबावे लागले. आणि मग इंदापूरच्या अलीकडे पावसात पुढ्यात एकदम काळी भिंत उभी राहिली. तो खडीचा ट्रक होता. चालत होता, पण मागे एकही दिवा नव्हता. रिफ्लेक्टरच्या पट्टीवर चिखलाचा थर. मामूंचा मुलगा गाडी चालवत होता, त्याचा वेग चाळीसच्या आत होता म्हणून ब्रेक लागला. त्यानंतर मुलांनी मोजणे बंद केले.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. हा आकडा कशासाठी, ते साध्या हिशेबाने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. १५५ मीटरवरून लाल ठिपका दिसला, तर मागच्याला नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर मागच्याला स्वतःच्या उजेडात जे दिसेल तेवढेच. ओल्या काळ्या डांबरावर डिप्परचा उजेड जेमतेम चाळीस-पन्नास मीटर काम करतो, म्हणजे तीन सेकंद. त्यातला दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंत निघून जातो, आणि ओल्या रस्त्यावर उरलेल्या अंतरात गाडी थांबत नाही. पाच वॅटच्या एका बल्बमुळे नऊ आणि तीन सेकंदांचा हा फरक पडतो.

माणगावला चहासाठी थांबलो, तर शेजारीच एका गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचे काम चालू होते. ईदच्या आधीचे चार दिवस हा गाळा रात्री अकरापर्यंत उघडा असतो. साठीच्या आसपासचे चाचा, हातात टेस्ट लॅम्प, भोवती चार गाड्या. आम्ही सलाम केला आणि रस्त्यात पाहिलेले सांगितले. त्यांनी मान वर न करताच विचारले, "ब्रेक मारल्यावर इंडिकेटर पेटतो म्हणालात ना? त्याचा अर्थ गेलाय. बल्ब बदलून काही होणार नाही."

मग त्यांनी आम्हांला उघडलेली एक लाईट दाखवली. बल्बमध्ये आलेला करंट परत जायला गाडीच्या पत्र्याला एक वायर जोडलेली असते, तिला हे लोक अर्थ म्हणतात. कोकणातली हवा खारी आणि चार महिने पाऊस. त्या जोडावर गंज आणि हिरवट बुरा चढतो. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लाईट लुकलुकते. माणसे बल्बवर बल्ब बदलत राहतात. चाचांनी पॉलिशपेपरने तो जोड घासला, स्क्रू आवळला, वर थोडे ग्रीस लावले आणि दिवा लागला. "नव्वद टक्के गाड्यांना मी नवीन काही घालतच नाही," ते म्हणाले, "साफ करून देतो."

दुसरी गाडी अंगणातली होती. हा प्रकार कोकणाबाहेरच्या माणसाला लवकर कळणार नाही. मुलगा कुवेत, दुबई किंवा सौदीत. गाडी गावात, अंगणात ताडपत्रीखाली. वर्षातून एकदा तो सुट्टीवर येतो तेव्हा ती बाहेर निघते. मधल्या दहा महिन्यांत उंदीर बॉनेटमध्ये घर करतात आणि वायरीचे आवरण कुरतडतात. हेडलाईटच्या काचेआत दमट हवा कोंडते, आत बुरशी धरते. बाहेरची काच हल्ली काच नसते, पॉलिकार्बोनेट असते. उन्हाने ती पिवळी पडते. बल्ब नवा असला तरी उजेड बाहेर येत नाही. मुलगा विमानतळावरून येतो, दुसऱ्याच दिवशी घरच्यांना घेऊन रात्रीचा निघतो, आणि कशेडीत त्याला कळते की पुढचे काही दिसत नाही. चाचांचा सल्ला साधा होता. गाडी उभी असली तरी घरातल्या कुणीतरी पंधरा दिवसांनी ती सुरू करावी, सगळे दिवे लावून पाहावेत, बॉनेट उघडून उंदराची घाण दिसते का ते बघावे. "अम्मी-बाबांना गाडी चालवता आली नाही तरी चालेल," ते म्हणाले, "शेजारच्या पोराला किल्ली द्या."

तिसऱ्या गाडीचा मालक तरुण होता आणि चिडलेला होता. त्याच्या हेडलाईटचा होल्डर वितळला होता. कंपनीच्या साध्या हॅलोजन बल्बला ६०/५५ वॅट लागतात. त्याने बाजारातून १००/९० वॅटचा बल्ब आणून बसवला. बारा व्होल्टवर साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठच्या वर. वायर मात्र पाचच्या हिशेबाची. ती तापली, होल्डर वितळला, आतल्या रिफ्लेक्टरची चांदी काळी पडली, आणि उजेड होता त्याहून कमी झाला. रस्त्यात आमच्या अंगावर आलेला पांढरा प्रकाश हा याच आजाराचा दुसरा प्रकार. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब खुपसला की उजेड हवा तिथे पडत नाही, चारी दिशांना फाकतो. चालवणाऱ्याला वाटते, वा, किती लख्ख. समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही. पावसात तर तो पांढरा उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

नव्या गाड्यांचे दुखणे वेगळे आहे. त्यांत एलईडी कंपनीकडूनच बसवलेले असतात आणि बऱ्याच गाड्यांत अख्खी लाईट सीलबंद असते. आमच्याच नात्यातल्या एका घरी दोन वर्षांच्या गाडीच्या टेललाईटमध्ये पाणी शिरले आणि अर्धी पट्टी बंद पडली. सेवा केंद्रात आधी सांगितले की थोडी वाफ धरणे नेहमीचेच आहे. पट्टी बंद पडल्यावर सांगितले की आता दुरुस्ती होत नाही, अख्खी लाईट बदला. खर्च हजारांत गेला. अशा वेळी वॉरंटीच्या मुदतीत, पहिल्यांदा वाफ दिसली त्याच दिवशी, फोटो काढून लेखी तक्रार नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही. चिपळुणात तर हा प्रश्न आणखी खोल गेला. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिन खोलून धुतले, सीट वाळवल्या, गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. पण वायरींच्या जोडांत शिरलेला गाळ आणि ओल वरून दिसत नाही. दिवे अवेळी बंद पडायला लागतात तेव्हा कळते. कोकणातली जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दिव्यांमागचे जोड उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

महाड ओलांडताना सावित्रीच्या पुलावर सगळे गप्प झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे अंधारात नदीत गेली. पूलच नव्हता, तिथे हेडलाईट काय करणार, हे आम्हांलाही कळते. पण पावसाळी रात्री या रस्त्यावर माणूस दिव्याच्या उजेडापलीकडे काही पाहू शकत नाही, एवढे मात्र तो पूल प्रत्येक वेळी आठवून देतो. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवायचा.

पोलादपूरनंतर कशेडी. घाटाला आता बोगद्याचा पर्याय झाला आहे, सुमारे दोन किलोमीटरचा. बोगद्यात दिवसाही दिवे लावावे लागतात, आणि ज्यांचे दिवे बंद आहेत ते तिथे लगेच उघडे पडतात. भरणे नाक्यावर थोडे थांबून पुढे लोटे, परशुराम घाट, आणि उशिरा बहादूरशेख नाक्यावरून चिपळूण. अल्हम्दुलिल्लाह, सुखरूप पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी संगमेश्वर, हातखंबा करत रत्नागिरी. संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर गेलो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या ओढून ठेवलेल्या. मासळीचे टेम्पोही रांगेत उभे होते आणि त्यांतल्या दोघांच्या मागच्या लाईट खोलून काम चालू होते. बर्फाचे आणि मासळीचे खारे पाणी फळीतून झिरपून नेमके टेललाईटवर पडते, त्यामुळे सगळ्यांत आधी मागचे दिवे जातात. एका चालकाने वायरींचे जोड रबरी नळीत घालून वर उचलून बांधले होते आणि लाईटच्या वर पत्र्याची छोटी पागोळी ठोकली होती. आम्ही कौतुक केले तेव्हा तो म्हणाला, "पुढचा दिवा माझ्यासाठी आहे, तो गेला तर मला लगेच कळतो. मागचा गेला तर मला कळतच नाही. कळतं ते मागच्याला."

या सफरीत ऐकलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. हेडलाईट गेली की आपण त्याच रात्री गॅरेज शोधतो. टेललाईट महिनाभर बंद राहते, कारण तिचा त्रास आपल्याला होत नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, अशी शिकवण पैगंबर (स.) यांनी दिली. काटा आणि दगड आपण बाजूला करतो. मागचा दिवा बंद असलेली गाडी रात्रीच्या रस्त्यावर दगडाहून मोठी अडचण असते, आणि ती आपणच घेऊन फिरत असतो.

तपासायला गॅरेज लागत नाही. मगरीबनंतर गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा. पार्किंग लाईट लावा, ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका. दोन्ही बाजूंचे लाल-पांढरे डाग भिंतीवर आरशात दिसतात. नाहीतर मुलाला मागे उभे करा, त्याला ते आवडते. गाडी वळवून पुढचा डिप्पर भिंतीवर पाडा. उजेड दिव्याच्या उंचीच्या थोडा खालीच राहिला पाहिजे, वर चढता कामा नये. सगळ्या काचा ओल्या फडक्याने पुसा. डिकीत दोन जादा बल्ब, काही फ्यूज आणि लाल त्रिकोण ठेवा. वाटेत गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू करून तो त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवा आणि मुलाबाळांना रस्त्यापासून दूर उभे करा.

या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. सामान भरून झाले की सफरची दुआ पढण्याआधी ती दहा मिनिटे काढा. आपल्या मागून येणाऱ्या गाडीतही कुणाची तरी अम्मी, कुणाची तरी मुले ईदसाठी घरी चाललेली असतात.