ओक ट्री रोडवरची लढाई

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळवणं हीच एक लढाई असते. किराणा, साड्या, सोनार, मिठाई, वडापाव. आसपासच्या मराठी माणसाला हा रस्ता तोंडपाठ. पण २६ जून १७७७ रोजी याच परिसरात बंदुका आणि तोफांची खरीखुरी लढाई झाली होती, हे इथे वर्षानुवर्षं मेथीच्या जुड्या निवडणाऱ्यांच्या गावीही नसतं.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे दिवस. तेव्हा वॉशिंग्टनचं सैन्य वॉचंगच्या डोंगरांच्या आसऱ्याला होतं. त्याला मोकळ्या मैदानात गाठायचं, असा इंग्रज सेनापती हाऊचा डाव. वॉशिंग्टन खाली उतरलाही, पण त्याच्याच बाजूच्या लॉर्ड स्टर्लिंगच्या तुकडीने मागे हटत हटत झुंज दिली, तेवढ्या वेळात वॉशिंग्टन पुन्हा डोंगरात पोचला आणि हाऊ हात हलवत परतला. पावनखिंड ऐकत वाढलेल्याला ही चाल समजावून सांगावी लागत नाही.

दुकानांची गर्दी मागे टाकून थोडं पुढे गेलं की ओक ट्री पॉण्ड लागतं. छोटं तळं, काठावर लढाईची माहिती देणारे फलक आणि कॅनडा गीजचा सुळसुळाट. ही जागाही बांधकामाच्या घशात जायच्या बेतात होती. रहिवासी उठले, म्हणून वाचली.

बाकी फारसं वाचलेलं नाही. १९५४ पर्यंत या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. १९५० साली वस्ती जेमतेम सोळा हजार, २०२० च्या जनगणनेत १,०७,५८८. शेतं गेली, घरांच्या रांगा आल्या. १९४८ साली सुरू झालेला फोर्डचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला. जिथे मस्टँग गाड्या तयार व्हायच्या तिथे आज खरेदी संकुल आहे.

ज्याचं नाव गावाने घेतलं, त्या एडिसनची प्रयोगशाळासुद्धा इथे नाही! १८७६ मध्ये तो याच गावातल्या मेन्लो पार्कला आला, १८७७ मध्ये फोनोग्राफ आणि १८७९ मध्ये विजेचा दिवा इथेच साकारला. पुढे इमारती ओसाड पडल्या. १९२९ साली हेन्री फोर्डने उरलंसुरलं साहित्य मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेऊन प्रयोगशाळा नव्याने उभारली. जाताना इथली मातीही भरून नेली. मला हा प्रकार थोडा संतापजनक आणि बराच विनोदी वाटतो. इतिहास वाचला खरा, पण गाव मागेच राहिलं.

मागे राहिलेल्या त्या जागेवर १९३७ साली काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. उंची सुमारे १३० फूट, माथ्यावर माणसाच्या दुपटीहून उंच काचेचा दिवा. शेजारचं संग्रहालय दोन-तीन खोल्यांचं, पण जिवंत. तिथल्या मार्गदर्शकाने चावी फिरवून जुना फोनोग्राफ लावला. एडिसनच्या कंपनीची तबकडी चांगली जाडजूड आणि वजनदार. खरखरीतून गाणारा आवाज आला, तेव्हा माझ्याबरोबरच्या शाळकरी मुलाने आधी यंत्राच्या मागे वाकून पाहिलं, मग विचारलं, “याचा प्लग कुठे आहे?”

याहून जुनं काही हवं असेल तर वुडब्रिज अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट जेम्स चर्चजवळची दफनभूमी पाहावी. १६९३ साली विषारी अळंबी खाऊन दगावलेल्या दोन भावांचा दगड तिथे आहे. त्यावरची अक्षरं पुसट झाली आहेत. राजांच्या आणि सेनापतींच्या स्मारकांपेक्षा हाच दगड मला इथला खरा इतिहास वाटला: नव्या मुलखात काय खावं, काय खाऊ नये, हे जीव देऊन शिकलेल्या माणसांचा.

पुढच्या वेळी ओक ट्री रोडवर जाल, तेव्हा किराणा डिकीत टाकून तळ्याकाठी पंधरा मिनिटं थांबा. मनोऱ्याचं संग्रहालय मात्र रोज उघडं नसतं. वेळ विचारूनच निघा.