खंड्याची शीळ ऐकू येते का?

पाणपक्षी पाहण्यासाठी कळवणकरांना समुद्रकिनारा गाठण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातच गिरणेवर चणकापूरचे धरण आहे. नांदुरीवरून वणी, पिंपळगाव बसवंत आणि निफाड ओलांडून गेले, तर दोन-अडीच तासांत नांदूर मध्यमेश्वर येते. हिवाळ्यातील एक सकाळ अशा पाण्याकाठी घालवावी, असे मी ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना आवर्जून सांगतो. मन रमते हे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की, दवाखान्यातल्या दहा मिनिटांत जे लक्षात येत नाही, ते पाण्याकाठच्या दोन तासांच्या शांत बैठकीत अनेकदा लक्षात येते.

प्रथम त्या जागेविषयी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. २०२० च्या जानेवारीत या जागेचा रामसर यादीतील समावेश जाहीर झाला. हा मान मिळवणारी ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे तिचे नाव तर आता सर्वतोमुखी आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे उत्तरेकडून आलेले पाहुणे पाण्यावर निवांत तरंगत असतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या आणि चित्रबलाक यांच्यासाठीही फार शोधाशोध करावी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना हीच मोठी सोय आहे. जंगलातील पक्ष्यांमागे चालावे लागते; येथे मात्र काठावर खुर्ची टाकून बसले तरी पुष्कळ दिसते. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत, असे मुळीच नाही. चढायचेच असेल, तर उतरताना विशेष जपावे. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते आणि तोल जातो. कठडा धरावा, घाई करू नये.

पहाटेचा आग्रहही धरू नये. निफाडचा पारा हिवाळ्यात काही दिवस ५ अंशांच्याही खाली उतरतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर भार येतो. दमेकऱ्यांची छाती भरते. उघड्या पाण्यावरची बदके आठ-नऊ वाजताही तेथेच असतात. धुके विरल्यावर, कानटोपी आणि मफलर घेऊन, पायांत घट्ट पकडीचे बूट घालून पोहोचावे.

आता शीर्षकातल्या खंड्याकडे वळू. हा चिमुकला निळा पक्षी पाण्यावरून बाणासारखा जातो आणि जाता जाता अतिशय बारीक, उंच पट्टीची शीळ घालतो. वय वाढते तसे कान सर्वांत आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. म्हणून टिटवीची आरोळी स्पष्ट ऐकू येते, पण खंड्याची शीळ शेजारच्या तरुणाला ऐकू येऊनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. पत्नीच्या निधनानंतर ते अबोल झाले होते. घरात गप्पा रंगल्या की उठून आपल्या खोलीत जात. दुःख अजून ओसरलेले नाही, असे मुलाला आणि सूनबाईंना वाटे आणि ते स्वाभाविकच होते. एकदा नातू त्यांना धरणाच्या काठावर घेऊन गेला. टिटवी त्यांनी सर्वांच्या आधी ऐकली. खंड्या तीनदा शीळ घालून गेला, तरी त्यांना काहीच कळले नाही. सूनबाईंनी ही गोष्ट मला सांगितली. कानात मळ नव्हता. श्रवणचाचणीत दोन्ही कानांचे उंच पट्टीतले ऐकणे बरेच उणावलेले आढळले. नातवंडांचे बारीक आवाज, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. अर्धवट ऐकून चुकीचे उत्तर देण्यापेक्षा त्यांनी उठून जाणे पत्करले होते. श्रवणयंत्राने त्यांचे दुःख दूर झाले नाही. परंतु जेवणाच्या वेळी ते पुन्हा बोलू लागले.

डोळ्यांचेही असेच. मोतीबिंदू वाढू लागला की नेत्रभिंग पिवळसर होते आणि निळा रंग मंदावतो. खंड्याची निळाई मळकट दिसत असेल, पाण्यावरची चमक असह्य होत असेल, तर नेत्रतपासणी लांबवू नये. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके दिले आहेत, त्यांत श्रवणदोष आणि उपचार न केलेला दृष्टिदोष हे दोन्ही आहेत. मात्र खंड्या ही वैद्यकीय चाचणी नव्हे. ती केवळ सूचना आहे. एका कानाचे ऐकणे अचानक गेले किंवा डोळ्यापुढे अचानक पडदा आला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे.

छायाचित्रणाची आवड असल्यास अवजड भिंगाच्या मागे लागू नये. मान आणि खांदे दुखणाऱ्यांना चांगला झूम असलेला लहान कॅमेरा पुरतो. हात थरथरत असतील, तर तांदळाने अर्धी भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. श्वास कोंडून धरू नये. तो सोडता सोडता बटण दाबावे. दुर्बीणही आठपट मोठे दाखवणारी घ्यावी. त्याहून अधिक मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही मोठा होतो. घरी परतल्यावर छायाचित्रे टीव्हीच्या पडद्यावर पाहावीत. काठावर ज्यांना चोचीचा आकार दिसला नाही, त्यांना तो तेथे दिसतो. घरट्याजवळ जाऊ नये, फ्लॅश वापरू नये, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.

औषधांचे वेळापत्रक आदल्या दिवशीच ठरवावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी प्रवासाला निघू नये. न्याहारी वेळेवर करावी आणि जवळ साखर ठेवावी. लघवीची गोळी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, ती मनाने टाळू नये. स्वच्छतागृह वाटेत कोठे आहे, हेही आधीच पाहून ठेवावे. छातीत दडपण, दम किंवा घेरी आल्यास पक्षी सोडून थेट रुग्णालय गाठावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. घरी आपण सतत ज्येष्ठांच्या समोर उभे असता: औषध देण्यासाठी, जेवू घालण्यासाठी, समजावण्यासाठी. काठावर आपण त्यांच्या शेजारी बसता आणि दोघेही तिसरीकडेच पाहता. बोलण्याची सक्ती उरत नाही, म्हणून कित्येकदा बोलणे सुरू होते. स्मरणशक्ती उणावलेल्या व्यक्तीला ‘ओळखा पाहू’ असे विचारून परीक्षेला बसवू नये. ‘तुमच्या लहानपणी गावात याला काय म्हणत?’ असे विचारावे. जुन्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात. अहिराणी किंवा कोकणीतले एखादे नाव अवचित ओठांवर येते. ते लिहून ठेवावे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२९२ व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर मनःस्थिती सुधारलेली आढळली. नैराश्य असलेल्यांतही हा परिणाम दिसला आणि तो काही तास टिकला. हे औषधाला पर्याय नव्हे, परंतु औषधासोबत खुशाल घ्यावे असे आहे.

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. नांदूर मध्यमेश्वरचा प्रवास झेपणार नसेल, तर चणकापूरचा काठ निवडावा, आणि तोही दूर वाटत असेल, तर गावाजवळचा एखादा बंधारा. आठवड्यातून एक सकाळ, एक खुर्ची आणि सोबतीला घरातले एक माणूस एवढे पुरेसे आहे. खंड्या आला, तर त्याची शीळ कोणाला ऐकू आली आणि कोणाला नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना सांगावे.