भैया, एक निळा देना!

उपनगरात चिप्सना कुणी नावाने हाक मारत नाही, रंगाने मारतात. अंधेरी स्टेशनबाहेरच्या टपरीवर दोन मिनिटं उभे राहा. ‘भैया, एक निळा देना’ म्हणजे लेजचा मॅजिक मसाला. हिरवा म्हणजे क्रीम अँड अनियन, पिवळा म्हणजे नुसतं मीठ. लेज भारतात आलं १९९५ मध्ये. त्याआधी, १९९२ पासून, अंकल चिप्स होतंच. टीव्हीवरची त्याची जाहिरात ज्यांना अजून तोंडपाठ आहे, त्यांनी वय लपवायच्या भानगडीत पडू नये! २००० मध्ये पेप्सिकोने हे अंकलच विकत घेतले आणि काका-पुतणे एकाच दोरीला लटकायला लागले.

घाटकोपर पूर्वेला मात्र ‘चिप्स’ हा शब्दच उपरा वाटतो. तिथे वेफर्स. साधे, तिखट, उपासाचे वेगळे, आणि काळी मिरी भुरभुरवलेले केळ्याचे. फरसाणवाला आधी एक तुकडा तुमच्या हातावर ठेवतो, मग तराजू. माझ्या मते पाकिटातल्या कुठल्याही फ्लेवरला ही सर नाही, पण शंभर ग्रॅम वेफर्स कागदी पिशवीत घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढून दाखवा. घरी पोचतो तो चुरा. मुलुंडलाही हीच तऱ्हा.

याच जिभेच्या रस्त्याने बालाजी आत शिरलं. राजकोटच्या ॲस्ट्रॉन थिएटरच्या कँटीनमध्ये राबणारे चंदुभाई विराणी. बाहेरून येणारा माल वेळेवर मिळेना, म्हणून १९८२ मध्ये त्यांनी घरीच वेफर्स तळायला घेतले. तेवढ्याच पैशात पाकीट जरा जास्त भरलेलं, ही बालाजीची ख्याती. कारखाना वलसाडलाही आहे, म्हणजे बोरिवलीच्या अगदी उंबरठ्यावरच म्हणा ना.

घाटकोपरहून अंधेरीला २०१४ पासून मेट्रो धावते, पण डब्यात खायला बंदी. त्यामुळे बॅगेतलं पाकीट सुटतं ते थेट ऑफिसात. संध्याकाळी सहाला चकाल्याच्या कुठल्याही ऑफिसात बघा, कुरकुरेचं पाकीट उभं फाडून, त्याचीच थाळी करून टेबलाच्या मधोमध ठेवलेलं असतं. बॉस, ट्रेनी, सगळ्यांचे हात त्यात. हा पदार्थ इथलाच. १९९९ मध्ये बाजारात आला, त्यात तांदूळ, मका आणि हरभऱ्याचं पीठ. जुही चावलाने त्याला घराघरात नेलं आणि व्हॉट्सॲपने त्यात प्लॅस्टिक घातलं! लायटर लावला की पेटतं, हा पुरावा. अहो, पीठ आणि तेल पेटणारच. २०१८ मध्ये कंपनी असल्या पोस्ट हटवण्यासाठी दिल्ली हायकोर्टात गेली आणि तसा अंतरिम आदेशही मिळाला. आमच्याकडे जाळून बघणारे आणि उरलेलं संपवणारे एकच होते.

इथवर सगळी गंमत. पण रात्री दहानंतरची बोरिवली स्लो पकडा. शिफ्ट संपवून निघालेली पोरं, मॉलमध्ये दिवसभर उभ्या असलेल्या मुली, सिक्युरिटीवाले. मांडीवर पाच-दहा रुपयांचं पाकीट आणि पाण्याची बाटली. हा टाइमपास नाही, हे जेवण आहे. वडापाव महागत गेला. पाकिटावरचा आकडा मात्र वर्षानुवर्षं हलत नाही, हलतं ते आतलं वजन. फुगलेल्या पाकिटात नायट्रोजन असतो. चिप्स खवट होऊ नयेत, चुरडू नयेत म्हणून तो हवाच, हे मान्य. पण मालाडला सुरू केलेलं पाकीट कांदिवलीआधी संपतं, तेव्हा पोट काही मान्य करत नाही.

आणि रिकामं पाकीट? आत चंदेरी, बाहेर रंगीत, एकमेकांना चिकटलेले थर. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, पिशव्यांवर धाडी पडल्या, टपरीवरच्या लडी तशाच झुलत राहिल्या. त्याच वर्षी मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं. आता आपली पाकिटं कांजूरला जातात, म्हणजे गटारातून सुटली तर.